रुखवतातल्या चार खुर्च्या

"अगं, चहा सांडेल! सावकाश," निकिता म्हणाली आणि काड्यापेटीएवढ्या टेबलावर तिनं इवलीशी रिकामी कपबशी ठेवली.

"साखर नगं घालू. आमच्या पाहुनीला शुगर हाय," माझी नात स्नेहल म्हणाली.

पोळ्या लाटता लाटता मला हसू आलं. सावेडीतल्या अश्विनीताईंच्या या बंगल्यात मी अकरा वर्षं स्वयंपाक करते. शाळेला सुट्टी होती म्हणून स्नेहलला बरोबर आणलं होतं. ताईंनी आज लेकीला, निकिताला, खेळायला काचेच्या कपाटातलं जुनं लाकडी सामान काढून दिलं होतं. त्यांच्या पणजीच्या रुखवतात मांडलेलं. शिसवी पलंग, टेबल आणि बोटभर उंचीच्या चार खुर्च्या, बैठका वेताच्या विणलेल्या.

तीन खुर्च्यांवर बाहुल्या बसल्या होत्या. चौथी खुर्ची रिकामी होती आणि चौथी बाहुली दाराशी, फरशीवर.

"ही का गं खाली?" अश्विनीताईंनी विचारलं.

"ती आजी हाय. ती खालीच बसती," स्नेहल म्हणाली. टूथपेस्टचं झाकण तिनं बाहुलीपुढं सरकवलं. "तिचा कप बी येगळा असतो."

अश्विनीताईंचा चेहरा उतरला. "मावशी, आम्ही कधी म्हटलं का हो तुम्हाला, खाली बसा म्हणून?"

"न्हाई ताई. कुनीच न्हाई."

खरंच होतं. पहिल्याच दिवशी त्यांनी खुर्ची पुढं केली होती. मीच दाराशी टेकले. कपही मीच वेगळा ठेवला, कुणी सांगायच्या आत. सांगितल्यावर ठेवण्यापेक्षा ते बरं वाटलं होतं. आणि आज सकाळी येताना रिक्षात स्नेहलला बजावलं होतं, "सोफ्यावर बसायचं न्हाई हां."

माझे कान तापले. "स्नेहल, बसव तिला वर," मी म्हणाले.

"आदी तू बस की, आजी."

अश्विनीताईंनी जेवणाच्या टेबलाजवळची खुर्ची ओढली. पिठाचे हात पदराला पुसून मी बसले. अगदी कडेला. स्नेहलनं बाहुली उचलली. निकितानं टाळ्या वाजवल्या.

तेवढ्यात फाटक वाजलं. साहेब दारातूनच हसत म्हणाले, "अरे वा! आज कोण कोण पाहुणे आलेत?"

मी उभी होते. कधी उठले, मलाच कळलं नाही.

स्नेहलनं माझ्याकडं पाहिलं. मग बाहुली पुन्हा दाराशी ठेवली आणि तिचा फ्रॉक गुडघ्यांवरून नीट खाली ओढला.