कर्मणी प्रयोग

पुस्तिकेच्या स्प्रिंगचं एक टोक सुटलं होतं आणि ते तिच्या बाहीत अडकत होतं – सकाळपासून तिसऱ्यांदा, मुद्दाम केल्यासारखं. नऊशे शब्दांची पुस्तिका. कंपनीच्या यंत्रांची मॅन्युअल्स यापुढे एवढ्याच इंग्रजी शब्दांत लिहायची. एका शब्दाला एकच अर्थ, एका वाक्यात एकच सूचना, आणि वाक्य वीस शब्दांच्या वर गेलं की पडद्यावर त्याच्याखाली लाल रेघ. एकवीस वर्षं मॅन्युअल्स लिहिल्यावर आता ही बालवाडी... आणि बालवाडीच्या बाई कोण, तर नवी संपादिका, तिच्याहून चौदा वर्षांनी लहान, बोलतानाही वाक्य मध्येच तोडणारी. मनातल्या मनात तिने तिचं नाव कात्री ठेवलं होतं. "कर्मणी प्रयोग बंद," कात्री सकाळी म्हणाली होती, "कोणी करायचं ते लिहा." जणू हिला ते ठाऊकच नव्हतं.

कर्मणी प्रयोग तिला बाबांनी शिकवला होता. बाबा इंग्रजीचे मास्तर. नुसतं 'दार लाव' म्हटलेलं त्यांना खपत नसे, हुकूम सोडायला अक्कल लागत नाही म्हणायचे. दार लावलं जावं – अस्सं! आणि पाठीवर थाप... ती थाप मिळावी म्हणून तिने किती वाक्यं वळवून वळवून लिहिली होती. ती आता या पोरीने छाटायची?

दुपारी कात्रीने फिटरला बोलावून घेतलं. गिऱ्हाइकाच्या कारखान्यात पुठ्ठा कापायच्या यंत्रावर, जिचं मॅन्युअल तिनेच लिहिलं होतं त्या यंत्रावर, त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली होती, त्याला सहा महिने होत आले होते. हे सहा महिने ती सगळ्यांना सांगत आली होती, घरी नवऱ्यालाही, की सूचना छापलेली होती, हे लोक वाचतच नाहीत, त्याला मी काय करणार. फिटर पन्नाशीचा, इस्त्रीच्या शर्टातला. तो समोर बसला, हात टेबलावर ठेवला, लपवला नाही. त्याचाही तिला राग आला.

त्याने सोबत आणलेलं मॅन्युअल उघडलं. पान बेचाळीस. ओळींच्या मधल्या जागेत, प्रत्येक अवघड शब्दाच्या डोक्यावर, पेन्सिलीने बारीक अक्षरात अर्थ लिहिलेले होते.

"वाचलं होतं, मॅडम," तो म्हणाला. "तीनदा वाचलं. झाकण उघडण्यापूर्वी पातं थांबल्याची खात्री केली जावी. शब्द सगळे कळले... पण खात्री कोणी करायची, ते त्यात नव्हतं. मला वाटलं, मशीनच करतं."

बटण बंद केल्यावरही पातं चाळीस सेकंद फिरत राहतं, हे तिला माहीत होतं. तिने ते एका वेगळ्या परिशिष्टात, सुरेख लिहिलंही होतं.

कात्रीने कीबोर्ड तिच्याकडे सरकवला. "तुम्हीच लिहा," एवढंच म्हणाली. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं... त्यावर काहीतरी फेकून मारता आलं असतं. तिने लिहिलं. मोटर बंद करा. चाळीस सेकंद थांबा. पातं थांबलं का, ते डोळ्यांनी पाहा. मग झाकण उघडा. लाल रेघ आली नाही. फिटरने पडद्यावरचं ते इंग्रजी मोठ्याने वाचलं, आणि तो वाचत असताना ती मनापासून इच्छा करत होती की तो एका तरी शब्दाला अडखळावा, एका तरी. तो अडखळला नाही.

"असं असतं तर," तो म्हणाला, आणि पुढचं गिळून टाकलं. मग तो उठला.

त्याला लिफ्टपर्यंत सोडून ती परत आली, पण खुर्चीत बसली नाही. भिंतीशी कपाटात तिची मॅन्युअल्स उभी होती, अडतीस – करवती, दाबयंत्रं, उकळत्या तेलाच्या टाक्या. त्यांच्याकडे नुसतं पाहिलं तरी तिला रोज बरं वाटायचं. आता ती प्रत्येकाच्या पाठीकडे पाहत होती... कुठे, कोणत्या पानावर, कोण पेन्सिल घेऊन बसला असेल... राग अजून होताच, तेवढाच. फक्त तो कोणावर काढायचा, तो चेहरा सापडत नव्हता. तिने हात पुढे केला आणि कोणतं आधी उघडावं ते न कळून तसाच धरून ठेवला.