न भरणारी बॉबिन

सकाळचा जप पूर्ण होईपर्यंत मी कोणाशी बोलत नाही, पाणीही पीत नाही. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासूनचा हा नेम. सासूबाई सुरुवातीला म्हणायच्या, "हिचा आवाज तसाही कोणाला ऐकू येतो? मौन धरलं काय नि सोडलं काय!" यावर सगळ्यात मोठ्यानं हसायचे ते आमचे टेलरमास्तर, म्हणजे माझे यजमान.

आमचं घर म्हणजे मागे दोन खोल्या नि पुढे रस्त्याला लागून शिलाईचं दुकान. दुकानात नि माझ्या जपाच्या जागेत एक भिंत, भिंतीला एक दार. मी माळ हातात घ्यायची आणि पलीकडे यांनी मशीनच्या पायट्यावर पाय ठेवायचा, हे इतकी वर्षं चाललेलं. त्यामुळे मला शिवता येत नसलं तरी मशीनचं बोलणं कळतं. जाड कापड सुईखाली आलं की ते दबक्या आवाजात कुरकुरतं, पातळ आलं की धावतं. आणि खालच्या दोऱ्याची बॉबिन भरताना हे चाकाचा स्क्रू सैल करतात. मग सुई जागीच राहते, नुसतं चाक फिरतं आणि सर्रर्र असा एकसारखा आवाज येतो. माझे आठ-दहा मणी होईतो बॉबिन भरते.

कोरोनात सगळं बंद झालं तेव्हा दुकानाचं शटरही खाली आलं. रस्त्यावर चिटपाखरू नाही. दुधाची पिशवी आली की मी ती साबणानं धुवायची, आमच्या मुलीनं, चिमणीनं, पुन्हा धुवायची. सासूबाई बसल्या जागेवरून म्हणायच्या, "पिशवीच्या दोन आंघोळी झाल्या, माझी एक व्हायची आहे." घरात मोबाईल एकच, त्यावर चिमणीची शाळा चालायची. चिमणी बारा वर्षांची. आणि मास्तर आत उरल्यासुरल्या कापडांचे मास्क शिवत बसायचे. वरच्या मजल्यावर एक नर्सताई राहतात, त्या ते त्यांच्या वॉर्डात न्यायच्या.

एका संध्याकाळी मास्तर जेवायला बसले आणि म्हणाले, "भाजीला आज वासच नाही." भाजी चांगली खमंग परतली होती. सासूबाईंचा घास हातातच राहिला. मास्तरांनी ताट उचललं, अंथरूण बगलेत मारलं आणि दुकानात जाऊन आतून कडी लावली. दुकानातच कोपऱ्यात मोरी आहे, त्यामुळे बाहेर यायचं कारण नव्हतं.

"कडी कशाला हो?" मी दाराशी विचारलं.

"चिमणीसाठी. ती माझ्यावर गेलीय. नको म्हटलं की आधी तेच करते."

नर्सताईंनी जिन्यातूनच सांगितलं, "वहिनी, घाबरू नका. पण एक करा. दिवसातून चार-पाच वेळा त्यांच्याकडून एक आख्खं वाक्य बोलून घ्या. मध्ये न थांबता बोलता आलं पाहिजे. दम घ्यायला थांबायला लागले की मला हाक मारायची. वेळ घालवायचा नाही."

पहिल्या दिवशी त्यांनी ही परीक्षा हसतखेळत दिली. दारापलीकडून म्हणाले, "तुमचा सदरा परवा नक्की मिळेल! हे वाक्य मी झोपेतही एका दमात बोलतो. आयुष्यभर हेच बोलत आलोय."

चिमणी खिदळली. मीही तोंडाला पदर लावून हसले.

मग खोकला सुरू झाला. एक वाक्य बोलले की त्यामागे असा खोकला यायचा की ऐकवत नसे. जुनं कापड टराटरा फाडावं तसा. सासूबाई कानांवर हात ठेवून बसायच्या. "नका गं त्याला बोलायला लावू. माझं पोर खोकून खोकून जाईल."

तेव्हा चिमणीला सुचलं. ती दाराला तोंड लावून म्हणाली, "बाबा, तुम्ही बोलूच नका. नुसतं मशीन चालवा. मशीनचा आवाज आला की आम्ही समजू, तुम्ही बरे आहात."

आतून लगेच मशीन सुरू झालं. आम्हा तिघींच्या जिवात जीव आला. जो माणूस शिवतोय तो बराच असणार, हे आमच्या घरातलं गणित. टेलरच्या घरात दुसरं काय असणार? नर्सताईंच्या वॉर्डात माणसं मावेनाशी झाली होती, त्या दोन-दोन पाळ्या तिथेच काढत होत्या. त्यांना विचारावं असं एकीच्याही मनात आलं नाही.

आता घराचे कान भिंतीला लागले. मी भांडी घासताना नळ बारीक सोडायचे. चिमणी शाळेचा आवाज बंद करून नुसती बाईंच्या हलणाऱ्या तोंडाकडे बघायची. मशीन थांबलं की सासूबाई काठी टेकत दाराशी जायच्या, काठीनंच दार वाजवायच्या. "बाळा?" जरा वेळानं मशीन सुरू व्हायचं. त्या परत येऊन बसायच्या. पुन्हा थांबलं की पुन्हा काठी. लांबून रुग्णवाहिकेचा भोंगा जवळ येत येत पुढे निघून जायचा, तोवर आम्ही तिघी एकमेकींकडे बघायचो नाही.

दाराशी ठेवलेलं ताट अर्धं परत यायला लागलं. मग तसंच्या तसं.

"कामाच्या नादात विसरला असेल," सासूबाई म्हणाल्या. "लहानपणापासून तसाच आहे." त्यांनी हे माझ्याकडे न बघता म्हटलं.

त्या सकाळी मी दिवा लावून माळ घेतली. मशीन चालू होतं. चिमणी दात घासत दाराशी गेली, कान लावला आणि मला ऐकू येईल असं म्हणाली, "बाबा बॉबिन भरतायत."

होय, तोच आवाज, सर्रर्र. मी डोळे मिटले. काम हाती घेतलंय म्हणजे ताप उतरला असेल. देवाचे उपकार. मणी पुढे सरकत होते. आठ झाले, दहा झाले. आता स्क्रू आवळतील, आता सुई खाली जाईल. विसावा मणी गेला. सर्रर्र चालूच. मधूनच चाक मंदावायचं, थांबतंय थांबतंय म्हणेतो पुन्हा एक ओढ बसायची.

माळ अर्ध्यावर आली आणि बोटं मण्यावरच थांबली. इतकी मोठी बॉबिन जगात नसते.

मग ते काय भरत होते?

काहीच नाही. सुईसकट मशीन ओढायचं बळ पायात राहिलं नव्हतं, म्हणून त्यांनी स्क्रू सैल केला होता. आम्हाला आवाज हवा होता, ते आवाज देत होते. कदाचित कालपासून. कदाचित त्याआधीपासून. उरलेला दम ते पायट्यावर घालत होते, आणि थांबले की आम्ही काठी वाजवत होतो.

तेवढ्यात चाक पुन्हा मंदावलं. सासूबाई सवयीनं उठल्या. काठी उचलली.

"आई, वाजवू नका!"

माळ माझ्या मांडीवरून खाली घरंगळली. चिमणीच्या तोंडातला ब्रश तसाच राहिला. जपात मी बोललेलं त्या दोघींनी कधी ऐकलं नव्हतं आणि इतक्या मोठ्यानं तर मीही ऐकलं नव्हतं.

मी दाराला तोंड लावलं. "अहो, एक वाक्य बोला. सदरा परवा मिळेल म्हणा."

"सदरा," आतून आलं. मग नुसता श्वास. "पर…" मग तेही नाही. आणि चाक सुरू झालं.

कडी आतून होती. शटरची किल्ली खिळ्यावर होती. तोंडाला मास्क बांधला आणि बोळातून रस्त्यावर धावले. कुलूप निघेना, किल्ली दोनदा उलटी घातली. शेवटी शटर वर गेलं.

ते स्टुलावर बसले होते, कपाळ मशीनच्या फळीवर टेकलेलं. ओठ निळसर. सुईत दोरा नव्हता, सुईखाली कापड नव्हतं. फक्त उजवा पाय पायट्यावर खालीवर होत होता, बाकीच्या शरीराशी त्याचा काही संबंध नसल्यासारखा.

"पाय थांबवा," मी म्हटलं. "कळलं आम्हाला. आता थांबवा."

पाय थांबला. ज्या शांततेला आम्ही इतके दिवस घाबरत होतो ती माझ्याच सांगण्यावरून आली.

मी रस्त्यावर येऊन वर तोंड करून ओरडले, "नर्सताईऽऽ!" सगळ्या खिडक्या उघडल्या आणि अर्ध्या लगेच मिटल्या. नर्सताई रात्रपाळी करून नुकत्याच आल्या असाव्यात, ओल्या केसांनीच खाली धावल्या. त्यांनी यांच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला, आकडा बघितला आणि तो मला दिसू नये म्हणून हात वळवला. तेवढ्यानं मला आकडा कळला. आम्ही दोघींनी त्यांना पालथं झोपवलं. नर्सताईंनी फोनवर आपल्याच वॉर्डातल्या कोणालातरी दटावलं, "कॉट नाही हे मला सांगू नकोस, मी येतेय घेऊन." या वेळी भोंगा पुढे निघून गेला नाही. आमच्याच दाराशी थांबला.

सोबत घरच्या कोणालाही नेत नव्हते.

त्यानंतर घरात आवाजच नव्हता. सासूबाई काठी मांडीवर आडवी घेऊन बसून राहिल्या. दुपार कलताना इतकंच म्हणाल्या, "मीच उठवत होते गं त्याला. दर वेळी."

"आपण तिघी उठवत होतो, आई."

चिमणी कोपऱ्यात होती. "पण आयडिया माझी होती," ती म्हणाली आणि गुडघ्यात तोंड घातलं. मी तिला जवळ ओढलं.

सकाळचा जप अर्धाच राहिला होता. पाणीही घेतलं नव्हतं, तहानेची आठवणच झाली नव्हती. सांजवेळी माळ उचलली, पण बोटं पुढे जाईनात. पलीकडून टाके पडत नव्हते. देवाला म्हटलं, आज मोजमाप नाही, तूच मोजून घे.

मोबाईल वाजला. पडद्यावर नर्सताईंचं नाव. तिघींनी तो बघितला आणि कोणी उचलेना. शेवटी मीच उचलला.

"वहिनी, ऑक्सिजन लावलाय. अजून काही सांगता येत नाही, उगाच धीर देत नाही मी. पण त्यांना काहीतरी बोलायचंय. मास्क क्षणभरच बाजूला करतेय, हं."

आधी यंत्राची फुसफुस ऐकू आली. मग खूप लांबून ते.

"चाकाचा स्क्रू," ते म्हणाले. थांबले. "सैल राहिलाय." पुन्हा थांबले. "आवळून ठेव."

फोन बंद झाला.

"किती वेळा थांबले?" चिमणीनं विचारलं.

"दोनदा."

"पण वाक्य पूर्ण केलं?"

"केलं."

ती मान हलवत राहिली. सासूबाईंनी डोळे पुसले आणि एकदम चिडून म्हणाल्या, "अगं मग बसलीस काय? आवळ तो स्क्रू. उद्या विचारेल तर काय सांगशील?"

मी दुकानात गेले. आता आतली कडी काढलेली होती. चाकावर हात ठेवला. लोखंड थंडगार होतं. स्क्रू घट्ट पिळला आणि लागलाय की नाही बघायला चाक एकदाच, हळूच, हातानं फिरवलं. सुई खाली गेली, वर आली. खट्.

भिंतीपलीकडे सासूबाईंच्या तोंडून "बाळा?" निघालं आणि काठी हातातून पडल्याचा आवाज झाला.