दाराबाहेर ठेवलेली

मी मनकर्णाची कुबडी बोलतेय. हळूच बोलते हं. दार आपटलं तरी मी अजून दचकते.

चिमूरच्या जंगलातली मी धावड्याची फांदी. सहाव्या वर्षी तापात मनकर्णाचा पाय लुळा पडला, तेव्हा तिच्या बानं, मुखरूनं, मला तासलं, वर जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळली. ती वाढली तसे मला खालून तुकडे जोडत गेला.

गावात तिला नावानं कोण हाक मारतो! "ए तीनपायी!"

ही तीनपायी सातवी पास झाली. बायका म्हणाल्या, "आता बिड्या वळू दे. बसाचंच काम बरं तिले." पण तिला मास्तरीण व्हायचं होतं. गुणवंतराव गुरुजी आजारी असले की पहिलीचा वर्ग तीच घेई, माझ्या टोकानं फळ्यावरची अक्षरं दाखवत. एकदा शाळा तपासायला आलेल्या इंदुताईंनी ते पाहिलं. फार खूश झाल्या. नाव मात्र न विचारताच गेल्या.

गुरुजींनी चांद्याच्या ट्रेनिंग शाळेचा अर्ज भरला. मुलाखतीच्या दिवशी वरांड्यात कुजबुजले, "कुबडी बाहेरच ठेव बाई. साहेबानं पाह्यली तं नाव कापतीन. भिंतीले धरून जाय. दहाच पावलं हायेत. अन् पायाचं बोलू नोको."

"पडली तं, गुरुजी?"

"नाई पडत."

त्यांचं मन वाईट नव्हतं हो. मला त्यांनी दाराआड उभं केलं.

मला दिसलं काहीच नाही. पाय फरफटल्याचा आवाज आला. मग धप्पकन. कुणीतरी हसलं.

"इतकी अशक्त मुलगी वर्ग काय सांभाळणार? पुढची बोलवा."

ती पायाचं बोलली नाही. बजावलं होतं ना.

गुरुजी तिला उचलायला आत धावले. वरांड्यातच, दाराच्या फळीपलीकडे, माझ्यापासून वीतभर अंतरावर, पत्रू चपराशी कुणाला तरी सांगत होता, "इंदुताईची चिठ्ठी हाय न साहेबापाशी. कुबडीवाली पोरगी येईन, तिले घ्याच, राहाले बोर्डिंगातली खालची खोली द्या म्हणून. दुपार झाली, आली नाई काऊन ते?"

मी तिथेच होते.

घरी येताच मनकर्णानं मला अंगणात भिरकावलं. "तुले लपवलं, तरी दिसलीच न तू!"

तेव्हापासून मी वालाच्या वेलाला टेकू आहे. खालून उधळी लागलीय, लाकूड पोखरतेय. ती ओसरीत बिड्या वळते, बाहेर यायचं तर हातांवर सरकत येते.

आज मात्र आतून तिचा मास्तरणीचा आवाज येतोय. शेजारच्या इतवारीचाही पाय तसाच. पुढच्या महिन्यात तिची मुलाखत आहे, त्याच शाळेत. तिची नवी कोरी कुबडी मघाशीच माझ्याशेजारी आणून टेकवली.

"भिंतीले धर. दहा पावलं. पुन्हा चाल. मी पडली, तू नाई पडाची."

मी त्या नवीला सगळं सांगितलं. ती लाकडाची, ती काय करणार? तुम्हाला तर तोंड आहे. आत जा ना कुणीतरी.

धप्पकन वाजलं बघा. पुन्हा चाल, म्हणतेय ती.