संपण्याची वाट

बटणाला चार भोकं, आणि सुई तिसऱ्यातच अडत होती. केशरी डांगरीचं कापड इतकं जाड, की अनसूयाबाईंच्या अंगठ्यावर वळ उठला. डांगरी, म्हणजे कामावरचा अंगभर पोशाख, शौनकची, त्यांच्या मुलाची. जेवून तो निघणार होता, आणि खिशाचं बटण तुटलंय हे त्याला दिसलंच नव्हतं... यांनाही असलं काही कधी दिसलं नाही.

हे, म्हणजे देवव्रत, समुद्रातल्या तेलविहिरीवर होते. शौनक चौथीत असताना तिथे आग लागली. देहही हाती आला नाही.

त्यानंतर कर्जतच्या शाळेत भूगोल शिकवताना एक वाक्य त्या दोनदा म्हणायच्या — खनिज तेलाचे साठे मर्यादित आहेत, एक दिवस ते संपतील. मुलं गप्प व्हायची. आणि बाईंना मात्र आतून हलकं वाटायचं. लढाईवर गेलेल्याच्या घरी तह होणार म्हटल्यावर वाटावं तसं... संपू दे. एकदाचं संपू दे, म्हणजे कुणाच्या घरातलं कुणी तिथे जाणार नाही. पुढे शौनकनं तीच नोकरी धरली तेव्हाही त्या मनात हेच म्हणत राहिल्या — किती वर्षं? मी वाट बघेन.

शौनक डोकं पुसत बाहेर आला.

"आई, बाबा होते त्या विहिरी आता बुजवताहेत. सिमेंट ओतून."

"म्हणजे तेल संपलं?"

त्या आवाजात असं काही होतं, की त्याचा टॉवेल थांबला.

"तिथलं संपत आलंय. उरलंय ते काढणं परवडत नाही. म्हणून तर आता खोल समुद्रात जायचं."

"किती खोल?"

"खूप. पाणबुडेही उतरत नाहीत तिथे, नुसती यंत्रं."

"आणि तेही संपल्यावर?"

"मग आणखी खोल. लोकांना लागतंच ना."

बाहेर कर्जत-चौक रस्त्यावरून एक टँकर गेला आणि खिडकीची तावदानं थरथरली. म्हणजे इतकी वर्षं आपण भलत्याच गोष्टीची वाट बघत होतो... तेल संपत जातं तसतशी माणसं परत येत नाहीत, उलट लांब लांब जातात. आणि वर्गात मी ते वाक्य किती आनंदानं म्हणत होते! — जाऊ नकोस, हे ओठांपर्यंत आलं. पण ते शब्द एकदा वापरून झाले होते. जाऊ नका, असं यांना म्हटलं होतं. ऐकून घेऊन, हसून, हे गेले होते.

त्यांनी पान वाढलं. शौनक भरभर जेवत होता. त्याच्या कानामागचा तीळ, घास चावताना हलणारी कानशिलावरची शीर, भात कालवायची वडिलांसारखीच घाई — अनसूयाबाई एकेक गोष्ट बघत होत्या, सावकाश, काही सुटू नये म्हणून.

"काय बघतेस?"

"काही नाही. आमटी घे."

भीती कुठेच नव्हती, आणि ती नाही हेच त्यांना सोसवेना. तो समोर बसून जेवत होता, आणि त्या, गेलेल्या माणसाची काढावी तशी, त्याची आठवण काढत होत्या.