दरवर्षी थोडी खाली

वर बघा. म्हणजे पूर्वी वर बघावं लागायचं. आता मान थोडीशी वर केलीत तरी चालेल. ओतूरजवळच्या एका गावात, शाळेच्या मैदानावरची बास्केटबॉलची रिंग मी. १९९२ साली कुठल्याशा सरकारी योजनेतून आले. योजनेतला चेंडू दोन वर्षांनी आला. तोवर माझ्या खांबाला म्हशी बांधत.

मग हर्षाली आली. सयाजीची मुलगी, सातवीतच बापाच्या खांद्याच्या वर गेलेली. बायका म्हणत, "येवढी लांब पोर, नवरा कुठनं आणायचा?" तिने चेंडू उचलला आणि मला कामाला लावलं. दरवर्षी तिचा नेम सुधारत गेला. पोर तयार होतेय, असं गाव म्हणायचं.

खरं कारण माझ्या पायाशी होतं. यात्रा दरवर्षी याच मैदानावर भरे. त्यासाठी मुरूम पसरायचा. पहिल्या ट्रॉलीचा मान सयाजीचा. वाजतगाजत मुरूम यायचा, रोलर फिरायचा. देवाच्या कामाचा म्हणून नंतर तो कोणी उचलत नसे. जमीन वर चढत होती आणि मी जागच्या जागी खाली येत होते. सरकारी खात्यात असं पुष्कळांचं होतं.

२००२ साली रेल्वेच्या संघाची निवड चाचणी होती. लागली तर खेळाडू म्हणून नोकरी; नाहीतर पारगावचं स्थळ तयारच होतं. हर्षाली मुंबईहून परतली ती बापाला थेट माझ्याखाली घेऊन आली.

"दादा, एक बॉल आत गेला न्हाई. समदे पुढच्या कडेला आपटले. तिथलं सर म्हनलं, बुटक्या रिंगवर शिकलीस का?"

तिने टेप लावली. दहा फुटांत मी फूटभर कमी भरले.

सयाजी टेपकडे बघत राहिला. "आन् मुरूम मीच टाकत व्हतो."

तो सरपंच चिमाजीकडे गेला.

"देवाचा मुरूम उकरतो? आन् मान तुझाच हाय ना राव?"

"मग रिंग वर घेऊ."

"ती सरकारी हाय. अर्ज कर."

"मंजुरी कवा येईल?"

"चेंडू कवा आला व्हता?"

दुसऱ्या दिवशी सयाजीने माझ्यापुढे कुदळ घातली. पारावरून आवाज आला, "सयाजी, हीर पाडतो का?"

"व्हय. पानी लागलं तर तुमालाबी देतो."

त्या फूटभर खोल खड्ड्यात उभी राहून हर्षाली वर्षभर खेळली. पुढच्या चाचणीत लागली. देवाचा मुरूम उकरला म्हणून गावाने सयाजीचा मान काढून चिमाजीच्या भावकीतल्या बहिरूला दिला. हर्षालीचा फोटो पेपरात आला, तेव्हा चिमाजीने सत्कार ठेवला, "आमच्या मैदानाची पोर" म्हणून. सयाजीला बोलवायचं राहून गेलं. बहिरूने खड्डा बुजवला. नव्या मानाचा उत्साह दांडगा, ट्रॉल्या दुप्पट.

सहा-सात वर्षं ती खेळली. मग गुडघा गेला. ऑपरेशन झालं, खेळ संपला; आता ती तिकिटाच्या खिडकीत बसते. परवा लंगडत आली, मागून सयाजी. टाचा उंचावल्या आणि तिने मला सरळ हाताने धरलं.

"बगा दादा, उडी मारायची गरजच न्हाई."

ती हसली. सयाजीला हसू आलं नाही.

हल्ली दोन नव्या पोरी येतात. त्यांचा एकही चेंडू चुकत नाही. पोरी तयार होतायत, असं गाव म्हणतं.

कोणीतरी टेप आणा हो.