कापूस काढला का?

"माणूस आणि इंजिन यांच्यात तत्त्वतः काडीचाही फरक नाही!" हातातला पाना उंचावून डॉक्टरांनी जाहीर केलं. "दोघांनाही आ करायला लावायचं, आत उजेड टाकायचा आणि घाबरायचं नाही. बस्स!"

वाक्य दगडात कोरून ठेवावं असंच होतं. पण ते संपता संपता पान्यात अडकलेला एक नट निसटला आणि डॉक्टरांच्याच चहात टुपकन पडला. श्रोतृवर्गात डॉक्टरीणबाई एकट्याच होत्या. त्यांनी चमच्यानं नट काढला, बशीत ठेवला आणि म्हणाल्या, "गाळून देऊ का दुसरा?"

डॉक्टर दातांचे. उभ्या हयातीत त्यांच्याशी वाद घालणारा रुग्ण त्यांना भेटला नव्हता, कारण रुग्णाचं तोंड त्यांच्यासमोर सताड उघडं असलं तरी बोलण्याच्या कामाचं नसे. त्यामुळे आपलं सहसा चुकत नाही, असा त्यांचा प्रामाणिक समज झाला होता. निवृत्तीनंतरही तो टिकला. दवाखाना बंद झाला, पण रुग्णांची ती खुर्ची मात्र त्यांनी दिवाणखान्यात आणून ठेवली. खुर्ची सोडवत नाही अशा थोर माणसांत डॉक्टरांची गणना व्हायला हरकत नव्हती.

गाडी सासऱ्यांची. फुगीर गालांची, गोल दिव्यांची, आपल्या काळात रस्त्यावरून गेली की माणसं वळून बघत अशी. मेहुण्याच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली ती वर्षानुवर्षं पडून होती. "भंगारच आहे, न्या," असं म्हणत मेहुण्यानं मोठ्या मनानं ती देऊन टाकली.

डॉक्टरीणबाईंची मागणी एकच. लहानपणी वडिलांच्या शेजारची सीट कायम दादाची. का, तर दादाला गाडी लागते. या मळमळीच्या जोरावर त्यानं सबंध बालपण पुढं बसून काढलं आणि ह्या मागं, पिशव्यांच्या बाजूला. "मला एकदा पुढं बसायचंय," त्या म्हणाल्या होत्या. "तळ्यापर्यंत. बास."

"तू फक्त बसायची तयारी कर," डॉक्टर म्हणाले, आणि मदतीला आलेल्या बायकोला बाहेर काढून त्यांनी गॅरेजचं दार आतून लावून घेतलं आणि रेडिओ मोठ्यानं सुरू केला.

इंजिन सुटं झालं. दात घासावेत तशा मायेनं त्यांनी एकेक भाग घासला. ऑइल जाण्याच्या बारीक वाटा बारीक ब्रशनं साफ केल्या आणि धूळ जाऊ नये म्हणून प्रत्येकीच्या तोंडाशी कापसाचा बोळा बसवला. हाताची सवय. मग बोळे काढून सगळं पुन्हा जोडलं.

किल्ली फिरवताच इंजिन सुरू झालं! डॉक्टरांचा चेहरा नवी कवळी बसवल्यासारखा खुलला. तेवढ्यात आतून टकटक ऐकू आली, कुणी आत कोंडलं गेल्यासारखी. टकटकीची ठोकाठोक झाली, एक लांबलचक कण्हणं आलं आणि सगळं शांत.

लेथवाल्या मिस्त्रींनी इंजिन उघडलं आणि एका वाटेतून चिमट्यानं काळाकुट्ट बोळा बाहेर काढला. तिथून पुढं ऑइल पोचलंच नव्हतं. बेअरिंग जळालं होतं, क्रँकवर ओरखडे पडले होते.

"डॉक्टर," मिस्त्री गंभीरपणे म्हणाले, "दात काढायला बसलात आणि जबडाच काढलात की हो."

"दुरुस्त होईल?"

"होईल. पण ह्या मॉडेलचे पार्ट म्हणजे... घरात विकण्यासारखं काही आहे का?"

जेवताना डॉक्टर हवापाण्यावर बोलले, भाजीची वाखाणणी केली, मग भाजी संपली.

"अगं, तुझ्या बाबांच्या गाडीचं इंजिन माझ्या हातून गेलं."

"कशानं?"

"कापूस राहिला आत."

डॉक्टरीणबाई उठल्या. डॉक्टर मागोमाग गेले. गॅरेजमध्ये त्या गाडीच्या पुढच्या सीटवर हात मांडीत घेऊन बसल्या होत्या.

"छान दिसतं हो इथून," त्या म्हणाल्या. "पण भिंतच दिसते."

डॉक्टरांना वाटलं, त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं.

"दवाखान्यात एकदा तरी राहिला का कापूस?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"छे!"

"का नाही राहिला?"

डॉक्टरांना दवाखाना आठवला. प्रत्येक रुग्णानं तोंड मिटण्याआधी शेजारून एक आवाज यायचा, "कापूस?" आणि ते म्हणायचे, "काढला." इतकी वर्षं त्यांना तो आवाज भिंतीवरच्या घड्याळासारखा वाटत आला होता.

"तुला मी बाहेर काढायला नको होतं," ते म्हणाले.

"मी तर दाराबाहेरूनही विचारलं असतं. पण आत रेडिओ केवढा मोठा!"

दुसऱ्याच दिवशी दिवाणखान्यातली खुर्ची एका नव्या दंतवैद्याच्या टेम्पोत चढली. डॉक्टरांनी तिच्या हातावर दोनदा थोपटलं आणि तोंड फिरवलं. दिवाणखाना एकदम मोठा झाला. गॅरेजमध्ये दवाखान्यातलं गोल स्टूल आलं आणि त्यावर डॉक्टरीणबाई. आता प्रत्येक बोळ्याला लाल दोऱ्याची शेपटी होती.

"कापूस?"

"काढला."

"दाखवा."

"अगं, दवाखान्यात 'दाखवा' नव्हतं!"

"तेव्हा विश्वास होता."

ही चेष्टा डॉक्टरांना इतकी आवडली की ते मुद्दाम एखादा बोळा खिशात लपवू लागले. कामाला वेळ लागला, पण आता घाई कुणाला होती? शेवटच्या दिवशी बॉनेट बंद करण्याआधी डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून बाजूला ठेवला आणि चष्म्याशिवाय जवळचंच नीट दिसणाऱ्या आपल्या डोळ्यांनी कानाकोपरा तपासला. मग म्हणाल्या, "मिटा तोंड." डॉक्टरांनी बॉनेट मिटलं.

किल्ली फिरली. इंजिन बोलू लागलं, आणि त्यात टकटक नव्हती. गाडी ऐटीत गॅरेजबाहेर आली, गल्ली ओलांडून मोठ्या रस्त्याला लागली. पुढच्या सीटवर डॉक्टरीणबाई, हात खिडकीत. रस्त्यावरची माणसं वळून बघत होती. वळणापलीकडे तळं चमकलं.

डॉक्टरांचा ऊर भरून आला. त्यांनी घसा खाकरला.

"माणूस आणि इंजिन यांच्यात, मी सांगतो तुला, तत्त्वतः..." बोलता बोलता त्यांनी शेजारी पाहिलं. डॉक्टरीणबाई तळ्याकडे बघत डोळे किलकिले करत होत्या. डॉक्टर विरघळले. "काय गं? बाबांची आठवण आली? सगळं पुसट दिसतंय ना?"

"पुसटच दिसतंय हो. गाडी जरा बाजूला घेता का? बॉनेट उघडून तेवढा माझा चष्मा काढून द्या."