तिसरा फाटा

बाबांना एका दगडाला आईचं नाव द्यायचं होतं. दगड म्हणजे अ‍ॅमोनाइट, कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्रात मेलेला आणि आता आमच्या जेवणाच्या टेबलावर ठाण मांडून बसलेला शंख. बाबांनी उभा जन्म चुनखडीच्या खाणी पालथ्या घालून असे शंख गोळा केले, पण ते नीट ओळखायचं काम निवृत्तीवर ढकललं. निवृत्ती आली आणि त्याच वर्षी आई गेली.

मग भिंग घेऊन बसले ते याच शंखापाशी अडकले. या जातीत प्रत्येक कंगोऱ्याला कडेशी दोन फाटे फुटतात. याच्या एका बाजूला मात्र तीन. "नवी जात आहे," बाबा म्हणाले. नवी जात शोधणारा तिचं नाव ठरवतो. आयुष्यभर आईच्या स्वयंपाकाला नावं ठेवणारा माणूस आता तिचं नाव अमर करायला निघाला होता.

जीवाश्म साफ करणं हे माझं पोटापाण्याचं काम, म्हणून शंख माझ्याकडे आला.

"जपून हं. तुझी आई आहे ती."

मी हसले.

तिसऱ्या फाट्यावर सुई टेकवली. दगडाचा कण उडतो, इथे साल निघाली. वरचा करडा रंग गेला आणि खालून गुलाबी डोकावलं.

तो गुलाबी मी कुठेही ओळखेन. आई दातांच्या कवळ्या बनवायची, त्यांच्या हिरड्यांचा तो रंग. कधीतरी फडकं मारताना तिच्या हातून शंख पडला असणार, टवका उडाला असणार. बाईंनी चकार शब्द न काढता तो भरला, कोरला, रंगवला आणि जागेवर ठेवला. फाटे किती हे तिला कुठे ठाऊक! मला तिचा भयंकर राग आला आणि तितकीच आठवण.

लपवणं जमेना. "बाबा, इकडे या जरा."

त्यांनी भिंग लावलं, मग बाजूला ठेवलं.

"सांगितलं असतं तर मी घर डोक्यावर घेतलं असतं," ते म्हणाले. "म्हणून बोलली नाही."

"म्हणजे जात जुनीच. नाव नाही देता येणार, बाबा."

"हं."

"भर काढून टाकू? आमच्या कामात काढतात."

त्यांनी शंख माझ्या हातातून ओढूनच घेतला.

"हात लावू नकोस. तिच्या हातचं एवढंच उरलंय घरात. बाकी सगळं लोकांच्या तोंडात गेलं."